कोऱ्या बाजूचे कागद

गुंडप्पाची अंबिका बारावीच्या इंग्रजीत पास झाली तर नरसिंगच्या घराला काय काय मिळणार, याची यादी त्याच्या बायकोला, नागुबाईला तोंडपाठ होती. गुंडप्पाचं तळ्याखालचं तीन एकर रान बटईनं, अर्ध्या वाट्यावर. धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत, म्हणजे दारात एक म्हैस. लोकांच्या खुरपणीला टेम्पोत कोंबून जायचं, ते बंद. आणि लेकीचं, लुंबिनीचं नांदेडचं कॉलेज. खुरपणीपर्यंतची यादी ती नळावर चार बायांत मोठ्यानं म्हणायची. नांदेड तेवढं मनात ठेवायची, कारण मोठ्यानं म्हटलेली गोष्ट कुणाच्या तरी डोळ्यावर येते.

गुंडप्पाला काय मिळणार होतं, त्याची यादी मात्र त्या घरात कुणी केली नाही. एक पास झालेली पोरगी, एवढंच सगळ्यांनी धरलं होतं.

गाव रेणापूरच्या अलीकडं, फाट्यापासून चार किलोमीटर आत. मेच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला आणि अंबिका दुसऱ्यांदा इंग्रजीत गेली. उदगीरच्या उमाशंकरशी तिचं ठरत आलं होतं. मुलगा बँकेत, आणि त्याच्या घरून अट एकच, पोरगी निदान बारावी पास पाहिजे. त्याच शाळेतून वर्षापूर्वी लुंबिनीनं इंग्रजीत नव्वद मिळवले होते. तिचा फोटो फाट्यावरच्या फ्लेक्सवर महिनाभर झळकला. वाऱ्यानं फ्लेक्स फाटला तेव्हा नरसिंगनं तो उतरवून आणला आणि न्हाणीच्या आडोशाला बांधला. कॉलेजचं बोलणं मात्र घरात 'बघू'च्या पुढं सरकलं नाही आणि नव्वद मार्कांची पोरगी वर्षभर आईमागं खुरपं घेऊन फिरली.

गुंडप्पानं नरसिंगला दुकानासमोर थांबवलं. गुंडप्पा म्हणजे कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा आणि आवाज असा मऊ, की माणूस निघून गेल्यावर कळायचं की आपण काम अंगावर घेतलंय.

"नरसिंगा, तुझी पोरगी लई फाडफाड इंग्रजी वाचती म्हनं."

"वाचती की, अप्पा."

"मग आमच्या अंबीला एवढं पार करून दे म्हनावं. जूनच्या शेवटाला फेरपरीक्षा हाय. तुझं तळ्याखालच्या रानावर डोळा हाय, मला म्हाईत हाय की. गोटे वेचून घे, कुळवाची पाळी घाल. पोरगी पास झाली की बटईचं बसून बोलू."

नरसिंग घरी आला तो अर्ध्या वाटेतच शेतकरी झालेला. "बटईनं दिलं," त्यानं दारातूनच सांगितलं.

"दिलं म्हनले का देतो म्हनले?" नागुबाईनं विचारलं.

"बसून बोलू म्हनले. त्यो काय परका मानूस हाय का?"

दुसऱ्या दिवसापासून नवरा-बायको तळ्याखाली आणि लुंबिनी गुंडप्पाच्या ओसरीवर.

ओसरीवर अंबिकेसाठी प्लॅस्टिकची खुर्ची होती आणि मास्तरणीसाठी घडी घातलेलं पोतं. महादेवी, अंबिकेची आई, मनानं वाईट नव्हती. तिनं खास रेणापूरच्या बाजारातून पन्नास कागदी कपांचा पुडा आणला होता. गावात आता भेद राहिलेला नाही, असं ती स्वतःच सांगायची. पूर्वी कपबशी वेगळी ठेवावी लागे, आता प्यायलं की फेकून दिलं, झालं. लुंबिनी रोज एक कप प्यायची आणि जाताना स्वतःच चुरगाळून उकिरड्यावर टाकायची.

अंबिका ढ नव्हती. हळू होती. एखादा उतारा समोर आला की ती पहिल्या ओळीतच घर करून बसायची.

"लुंबे, ह्यो म्हातारा समुद्रावर कामून गेला असंल गं? त्याला पोरंबाळं न्हाईत का?"

"ते इच्यारलंय का प्रश्नात?"

"न्हाई."

"मग तुला काय करायचंय?"

आणि लुंबिनीनं तिला सटवाजी सरांची रीत शिकवली. सटवाजी सर शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि त्यांचं एक वाक्य पोरं वहीच्या पहिल्या पानावर लिहायची: उतारा समजून घ्यायचा नसतो, सोडवायचा असतो. आधी प्रश्न वाचायचा. प्रश्नातला मोठा शब्द धरायचा. तो शब्द घेऊन उताऱ्यात उतरायचं, जिथं तो सापडेल त्या ओळीखाली पेन्सिल मारायची आणि ओळ जशीच्या तशी उचलून कागदावर ठेवायची. मागंपुढं बघायचं नाही. म्हातारा समुद्रात बुडाला का तरला, याची जबाबदारी बोर्डावर. याच रीतीनं लुंबिनीला नव्वद मिळाले होते. तेवढ्या मार्कांच्या रीतीवर संशय कोण घेणार?

"अर्थात शिरलीस की वेळ जातोय," ती अंबिकेला सांगायची. "अर्थ घरी आल्यावर बघ. पेपरात फकस्त ओळ धर."

तिकडं तळ्याखाली दुपारी बाराला पहार हातात धरवत नव्हती. ते रान नावाला तीन एकर, वर सगळा गोटाच गोटा. तळ्याचा गाळ काढला तेव्हा मशीनवाल्यानं वरचे दगड तिथंच लोटून दिले होते. गुंडप्पानं सात वर्षं त्याला हात लावला नव्हता, कारण माणसं लावून वेचायचं म्हटलं तर रानापेक्षा वेचणी जड व्हायची. नरसिंग पहारीनं दगड उचकटायचा, नागुबाई घमेल्यात भरून धुऱ्यावर नेऊन रचायची. मोठे खाली, बारके वर. लुंबिनी शिकवणी आटपून अकराला यायची आणि तिसरी लागायची. पंधराव्या दिवशी पहार सटकून नरसिंगच्या अंगठ्यावर बसली. नख आधी निळं झालं, मग काळं, आणि एका सकाळी चिंधी सोडताना चिंधीतच राहिलं.

"दवाखान्यात चला," नागुबाई म्हणाली.

"नखाला काय करतंय दवाखाना? नवीन येतंय की. रान येत न्हाई."

नागुबाईची कंबर त्याच आठवड्यात धरली. ती वाकलेली असली की ठीक, सरळ झाली की कळ. म्हणून ती सरळ व्हायचीच नाही. घमेलं डोक्यावर घ्यायच्या ऐवजी पोटाशी धरून, मुंगळ्यासारखी धुऱ्याकडं जायची. गुंडप्पा मोटारसायकलवरून येऊन धुऱ्यावरची रास बघून जायचा. "भिताड रचलंस की रं नरसिंगा," म्हणायचा. त्याच्या आवाजात खरं कौतुक होतं. फुकट चाललेलं काम बघताना माणसाच्या मनात येतं, तसं.

जूनच्या सुरुवातीला अंबिकेच्या वह्या संपल्या. गुंडप्पानं दुकानाच्या गल्ल्याखालून कागदांचा गठ्ठा काढून ओसरीवर टाकला. "झेरॉक्स फिकी निघाली म्हनून वाया गेलेले हाईत. एक बाजू कोरी हाय. कोऱ्या बाजूवर लिवा. कशाला नवी वही?"

तीन-चार दिवस त्या कोऱ्या बाजूंवर दोघींनी उत्तरं लिहिली. मग गाइडातले उतारे संपले. सगळे दोनदा झाले होते आणि अंबिकेला ओळी पाठ झाल्या होत्या. परीक्षेत तर न पाहिलेला उतारा येणार. दहा जूनला सकाळी लुंबिनीनं सहज एक कागद उलटा केला. मागं फिकं, पण वाचता येईल असं इंग्रजी छापलेलं. लांबलचक वाक्यं, अवघड शब्द. पहिलं पान गठ्ठ्यात नव्हतं, ते बहुतेक नीट निघालं असावं. दुसऱ्या पानापासून मजकूर होता. कुणाचं नाव नाही, गाव नाही. नुसतं देणारा, घेणारा आणि 'सदर जमीन'.

"ह्यो घे न पाहिलेला उतारा," लुंबिनी म्हणाली आणि तिथल्या तिथं पाच प्रश्न काढले. प्रश्न काढण्यात तिचा हात सटवाजी सरांनीही मानला असता. वाक्य बघायची, त्यातला मोठा शब्द उचलायची, पुढं प्रश्नचिन्ह. घेणाऱ्याला जमीन किती वर्षांसाठी मिळणार आहे? देणाऱ्यानं तिचा ताबा कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा आहे? ताबा देताना जमिनीतून काय काय काढलेलं असलं पाहिजे? ताबा देताना जमिनीवर काय असता कामा नये? घेणारा जमिनीवर काय उभारणार आहे? एकेकाला दोन मार्क.

अंबिका पेन्सिल घेऊन उतरली. बराच वेळ ओठ हलवत राहिली. मग मान वर केली.

"लुंबे, हे जमिनीचं हाय गं."

"हाव. मग?"

"कुनाची असंल?"

"असंल कुनाची तरी. उताऱ्यातली जमीन."

"खरंच कुनाची तरी असंल ना पन? एकोनतीस वर्षं म्हनलंय. मग त्या रानात जो राबतो त्यानं काय करायचं?"

"पुन्हा अर्थात शिरलीस!" लुंबिनीनं तिच्या हातावर पेन्सिलीनं टिचकी मारली. "ओळ धर, ओळ."

अंबिकेनं ओळी धरल्या. एकोणतीस वर्षं. एकतीस जुलैपर्यंत. दगडगोटे आणि झुडपं. उभं पीक. सोलरचे पत्रे. पाचच्या पाच बरोबर. पहिल्यांदाच. लुंबिनीनं लाल पेनानं पाच टिका मारल्या, खाली दहापैकी दहा लिहिलं आणि 'व्हेरी गुड' म्हणून त्याला गोल केला. कागद तिनं घरी नेला, आईला दाखवायला. नागुबाईला त्यातलं काही कळलं नाही, पण लाल गोल कळला.

"म्हंजे होतीय पास?"

"आता होतीय, माय."

नागुबाईनं कागद दोन्ही हातांनी सपाट केला आणि फळीवरच्या पंचशीलाच्या पुस्तकात ठेवून दिला.

अठरा जूनला पाऊस उघडला आणि पेरणीजोगा वापसा आला. घरात सोयाबीनच्या तीन गोण्या होत्या, मागच्या सालच्या पिकातून राखलेल्या. नागुबाईनं उन्हाळाभर सुपात घेऊन एकेक सुरकुतलेला दाणा बाजूला काढला होता. नरसिंगचं स्वतःचं रान सव्वा एकर, माळावरचं, मुरमाड. त्याला एक गोणी पुरायची. बाकीच्या दोन विकून नांदेडची सोय बघायची, असं थंडीत ठरलं होतं.

नरसिंग दुकानावर गेला. "अप्पा, वापसा हाय. पेरू का?"

गुंडप्पा साखर तोलत होता. काट्यावरची नजर न काढता म्हणाला, "रान तूच साफ केलंस. पेर की. तुला कोन न्हाई म्हनलंय?"

"बटईचं तेवढं..."

"पोरीचा पेपर सा दिसांवर आलाय. आता तिच्या डोक्याला बाकीचा घोर कशाला? पास होऊ दे, बसून बोलू."

नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी मास्तरीण ओसरीवर आली नसती, एवढा हिशेब गुंडप्पाला साखर तोलता तोलता येत होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्या कागदात काय आहे, हे मात्र चांगलं माहीत होतं. लुंबिनीचं नेमकं उलट होतं.

तिन्ही गोण्या तळ्याखाली गेल्या. "मुरमाडात टाकून काय करायचं?" नरसिंग म्हणाला. "आपलं रान ह्या साली पड राहू दे. काळ्या रानात टाकलेलं दुप्पट येतंय." तिफणीमागं नागुबाई चालली, वाकलेलीच. पेरायला कंबर वाकलेली असली तर बरंच, असं ती हसत म्हणाली. घरात त्या महिन्यात कुणी हसल्याचं तेवढंच.

चोवीस जूनला पेपर झाला. अंबिका बाहेर आली ती लुंबिनीला शोधत. "उतारा आला गं. ओळी धरल्या सगळ्या." त्या दिवसापासून ओसरीवरचं पोतं उचललं गेलं. पुड्यात सहा कप उरले होते.

जुलैत सोयाबीन असं उठलं की बघणाऱ्यानं थांबावं. गुडघ्याला आलं, ओळीनं ओळ मिळाली, फुलाला टेकलं. दोनदा कोळपणी झाली. नरसिंग रोज संध्याकाळी धुऱ्यावरच्या दगडांच्या भिंतीवर बसायचा. उजव्या अंगठ्यावर अर्धं नख आलं होतं, ते चाचपत बसायचा.

एकोणतीसला निकाल लागला. अंबिका इंग्रजीत काठावर का होईना, पास. गावात पेढे वाटले गेले. बुद्धवाड्यात, नरसिंगच्या दारात, दुकानातल्या पोऱ्यानं पुडा आणून दिला. नरसिंगनं धुतलेला सदरा घातला आणि बसून बोलायला गेला.

दुकानात एक अनोळखी माणूस खुर्चीवर बसला होता. दयानंद म्हणून, नांदेडहून आलेला, सोलरच्या कंपनीचा. काचेच्या कपात चहा पीत होता. नरसिंग दारातच उभा राहिला.

"ये, ये, नरसिंगा," गुंडप्पा म्हणाला. "साहेब, ह्योच त्यो. रान बघितलं ना कसं केलंय? ह्याच्या हातचं हाय."

"चांगलं लेव्हल केलंय," दयानंद म्हणाला. "दगडही आम्हाला उपयोगी पडतील. खांबांच्या बुडाला घालता येतील. फक्त पीक काढावं लागेल. परवापर्यंत मोकळा ताबा पाहिजे."

नरसिंगला आधी वाटलं, दुसऱ्याच कुठल्या रानाचं बोलणं चाललंय.

"अप्पा, बटईचं..."

"आता बटई कशाची करतोस, बाबा? रानच ऱ्हायलं न्हाई." गुंडप्पानं हात पसरले. रान कुणीतरी चोरून नेलं आणि आपण दोघं सारखेच नागवलो, अशा थाटात. "बोलू म्हनलो हुतो, बोललो. तुला राखनीवर लावा म्हनून साहेबाला सांगतो की."

"राखणीचं कंत्राट लातूरच्या एजन्सीकडं आहे," दयानंदनं तेवढंच सांगितलं आणि कप खाली ठेवला.

"अप्पा, मग पेर कामून म्हनलाव?"

"तू इच्यारलंस. मी न्हाई म्हनलो न्हाई." गुंडप्पाचा आवाज मऊच होता. "आता लोकांत तमाशा करू नको. घे, पेढा घे."

नरसिंगनं पेढा घेतला. का घेतला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. घरी येईपर्यंत तो मुठीत विरघळला होता.

एकतीस तारखेला सकाळी गुंडप्पाचा ट्रॅक्टर रोटावेटर लावून तळ्याखाली उतरला. नागुबाई धुऱ्यावर उभी होती. सरळ. कमरेला किती कळ येत असेल, ते तिच्या तोंडावर दिसत होतं, पण वाकली नाही. फुलावर आलेलं सोयाबीन रोटावेटरखाली जाताना जास्त आवाज करत नाही, ट्रॅक्टरचाच आवाज असतो. मागं हिरवा चुरा आणि ओल्या मातीचा वास राहतो. तासाभरात आटपलं. नरसिंग रानाकडं पाठ करून दगडांवर बसला होता. मग कंपनीची माणसं टोपल्या घेऊन आली आणि त्याला उठायला सांगितलं, कारण दगड पाहिजे होते.

अंबिका आली ती डोक्यावरून ओढणी घेऊन, आडवाटेनं. धुऱ्याच्या टोकाला उभ्या असलेल्या लुंबिनीपासून दोन हातांवर थांबली.

"मला परवा कळलं गं. आईची शप्पथ. बाबांनी पहिलं पान दाखवलं, त्याच्यावर देनारी म्हनून आईचं नाव हाय." ती जमिनीकडं बघत होती. "त्यो उतारा आठवतो का तुला? त्यो ह्योच. मी तुला इच्यारलं हुतं, लुंबे. कुनाची असंल म्हनून."

अंबिका ओढणी सारखी करून आली तशी गेली.

घरी जाऊन लुंबिनीनं फळीवरचं पुस्तक काढलं. कागद होता तिथंच होता, चांगला सपाट झालेला. ती उंबऱ्यावर बसली आणि तिनं तो पहिल्यांदा वाचला. एकेक शब्द तिला येत होता. त्या दिवशीही येत होता. ताबा. दगडगोटे. उभं पीक. खाली अंबिकेच्या पेन्सिलीच्या रेघा, शेजारी तिच्या लाल टिका.

तिसऱ्या प्रहरी नरसिंग आला. पाय धुतले नाहीत, तसाच भिंतीला टेकला. नागुबाई चुलीपुढं होती. लुंबिनीनं कागद लपवला असता तर कुणाला कळणार नव्हतं. तिनं तो बापापुढं ठेवला.

"आबा, ह्यात लिवलं हुतं सगळं. मी वाचलं हुतं."

नरसिंगनं कागदाला हात लावला नाही. "कवा?"

"दहा जूनला."

तो बोटं मोजत बसला. अठरापर्यंत आला आणि थांबला. "म्हंजे तवा गोन्या घरात हुत्या."

"हाव."

चुलीपुढच्या नागुबाईच्या हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहिली.

"कळलं न्हाई तुला?" नरसिंगनं विचारलं. त्यात राग नव्हता. खरंच विचारत होता. फ्लेक्सवर फोटो असलेल्या पोरीला कागद कळत नाही, हे त्याला नवीन होतं.

"कळून घेतलं न्हाई, आबा. परश्न काढले नुसते."

बाहेर कुणाच्या तरी मोबाइलवर लग्नाचं गाणं लागलं होतं.

"मार्क किती दिलतीस पोरीला?"

"दहातले दहा."

"सगळं बरूबर हुतं?"

"सगळं बरोबर हुतं."

नरसिंगनं मान हलवली, शाळेत पालकांच्या बैठकीला गेल्यावर हलवायचा तशी. मग उठून त्यानं कोपऱ्यातल्या तीन रिकाम्या गोण्या घेतल्या, झटकल्या आणि एकीत एक घालून घडी केली. झटकताना खाली पडलेले चार दाणे नागुबाईनं वेचले आणि कुठं ठेवावेत ते न सुचून मुठीतच धरले.

अंबिकेला दहापैकी दहा मिळाले आणि उमाशंकरला बारावी पास बायको. गुंडप्पाला वेचलेलं, पाळी घातलेलं, मोकळं रान मिळालं आणि कंपनीला खांबांच्या बुडाला दगड. मुरमाड सव्वा एकर पड होतं. बियाणं नरसिंगचं गेलं.